चातुर्मासात वाचावी अशी चिनी कादंबरी

दिंडोरीतल्या आठवीच्या कुठल्याही मुलाला विचारा, ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू त्याला ठाऊक असतो. अकिरा तोरियामा या जपानी चित्रकाराने १९८४ मध्ये ती चित्रकथा सुरू केली, तेव्हा गोकूचे नाव, त्याची लांब होणारी काठी आणि त्याचा उडता ढग हे सगळे त्याने एका चिनी माकडवीराकडून घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच माकडवीरावर ‘ब्लॅक मिथ : वूखोंग’ हा व्हिडिओ गेम आला आणि जगभर खेळला गेला. इतिहास वाचताना याच मुलाला युआन श्वांग भेटतो, नालंदेत शिकलेला आणि सम्राट हर्षाला भेटलेला चिनी भिक्खू. हा भिक्खू आणि तो माकडवीर चारशे वर्षांहून जुन्या एका कादंबरीत गुरू आणि शिष्य आहेत. ती कादंबरी म्हणजे ‘शी यौ ची’, मराठीत ‘पश्चिमयात्रा’. पश्चिम म्हणजे इथे आपला भारत.

चिनी अभिजात कादंबरी प्रथमच हाती घेणाऱ्या मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर आधीच सांगतो : ‘पश्चिमयात्रे’पासून. ती सोपी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तिच्यासाठी लागणारी वाचनाची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, हे माझे कारण आहे.

आधी बाकीच्या कादंबऱ्या पाहू. सी. टी. शिआ या समीक्षकाने १९६८ साली चिनी अभिजात कादंबरीवर जे पुस्तक लिहिले, त्यात सहा कादंबऱ्या घेतल्या आहेत आणि आजही चर्चा साधारण त्यांच्याभोवतीच फिरते. लुओ ग्वानजोंगच्या नावावर असलेली ‘तीन राज्ये’ ही इ. स. १८४ ते २८० या काळातल्या यादवीची कथा. तिचे अध्याय १२०. लढाया, कावे, फितुरी, मुत्सद्देगिरी यांनी ती भरलेली आहे. शिवकालावरच्या कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्याला ती धरून ठेवील, पण पात्रांची गर्दी एवढी की पहिल्या वाचनात पन्नास पानांतच माणूस हरवतो. ‘जलकाठ’ ही १०८ बंडखोरांची कथा. तिच्यातले शौर्य आणि तिच्यातली क्रूरता सोबतच घ्यावी लागते. ‘जिन फिंग मेई’ प्रौढांनी वाचावी, आणि घाईने वाचू नये. ‘विद्वानांचा अनौपचारिक इतिहास’ ही अठराव्या शतकातली कादंबरी सरकारी परीक्षांच्या मागे आयुष्य घालवणाऱ्यांवर आहे. पुण्या-नाशिकच्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी ती एकदा जरूर पाहावी.

उरली ‘लाल हवेलीचे स्वप्न’. सहांतली श्रेष्ठ कोणती असे विचाराल तर मी बेलाशक हिचे नाव घेईन. त्साव श्वेछिनने अठराव्या शतकात लिहिलेली ही कथा एका बड्या घराण्याच्या ऱ्हासाची आहे. जिया बाओयू हा मुलगा, लिन दाईयू आणि श्वे बाओचाई या दोन मुली, आणि त्यांच्याभोवती आज्या, मावश्या, सुना, दासी मिळून चारशेहून अधिक माणसे. ती प्रथम १७९१ मध्ये छापली गेली, लेखकाच्या मृत्यूनंतर, १२० अध्यायांच्या रूपात; त्यातले शेवटचे चाळीस अध्याय कोणाचे, हा वाद आजही चालू आहे. डेव्हिड हॉक्स आणि जॉन मिन्फर्ड यांचा पाच खंडांतला इंग्रजी अनुवाद हे अनुवादकलेचे मोठे काम आहे. पण तिच्यात घटना थोड्या आणि सूचन फार. जेवणाच्या बैठकीत कोण कुठे बसले, कोणी कोणाला कसली भेट दिली, यातून कथा पुढे जाते. चिनी घराची रीत थोडीतरी ओळखीची झाल्याशिवाय हे हाती लागत नाही. म्हणून ती दुसरी वाचावी.

आता ‘पश्चिमयात्रे’कडे. खऱ्या युआन श्वांगचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. इ. स. ६२९ च्या सुमारास, प्रवासबंदी मोडून, तो एकटा चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथले लोक उपकाराला जागणारे आणि अपमान न विसरणारे आहेत, हरून आलेल्या सेनानीला ते बायकांची वस्त्रे देऊन लाज आणतात, लढाईआधी हत्तींना मद्य पाजतात, आणि हर्षालाही या राजाला नमवता आले नाही, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदवले. मोठ्या नदीकाठच्या ज्या राजधानीचे वर्णन तो करतो, ती नाशिक असावी असे काही अभ्यासकांनी सुचवले. काहींनी बदामीकडे किंवा पैठणकडे बोट दाखवले. पूर्वेच्या डोंगरातल्या ज्या विहाराबद्दल त्याने लिहिले, तो अजिंठा असावा, याबाबत मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

हा माणूस धाडसी होता, तर्कनिष्ठ होता, भाषांचा जाणकार होता. कादंबरीतला भिक्खू तसा नाही. तिथे त्याला त्रिपिटक म्हणतात. तो भित्रा आहे, भोळा आहे, घोड्यावरून सतत खाली पडतो, राक्षसाला साधू समजतो आणि खऱ्या हितचिंतकावर रागावतो. खरा युआन श्वांग लपूनछपून निघाला. कादंबरीतल्याला सम्राट आपला मानलेला भाऊ करून निरोप देतो. खऱ्या प्रवासवृत्तात राज्यांची लांबी-रुंदी, पिके, रीतीभाती, विहारांची संख्या आहे. कादंबरीत यातले जवळजवळ काहीच नाही. त्र्याण्णवाव्या अध्यायात यात्रेकरू भारताच्या राजधानीजवळ पोहोचतात, तिथे अनाथपिंडिकाच्या जेतवनाची कथा येते, आणि लगेच चंद्रावरचा ससा राजकन्येचे रूप घेऊन राजवाड्यात बसलेला सापडतो. रस्ते, दरबार, खानावळी सगळ्या चिनी. आपल्याकडचा वाचक इथे खट्टू होण्याचा संभव असतो. त्याने एवढे ध्यानात धरावे की ज्या देशाला लेखकाने पाहिले नव्हते, तो देश त्याने श्रद्धेच्या बळावर उभा केला.

लेखक कोण, हेही पक्के नाही. १५९२ साली नानजिंगला छापलेल्या शंभर अध्यायांच्या प्रतीवर लेखकाचे नाव नव्हते. ह्वाय-आन गावच्या वू छंग-अन या कमी पगाराच्या अधिकाऱ्याचे नाव पुढे रूढ झाले, आणि १९२० च्या दशकात हू शी आणि लू शुन या दोघा विद्वानांनी ते पक्के केले. काही अभ्यासकांना ते आजही मान्य नाही. कथा मात्र त्याच्याही आधीपासून लोकांच्या तोंडी होती. तेराव्या शतकातल्या कथेकऱ्यांच्या एका पोथीत या भिक्खूबरोबर माकड चालताना दिसते. पुढे नाटकांतून ते रंगमंचावर आले. शंभर अध्यायांची कादंबरी हे त्या सगळ्या सांगण्याचे अखेरचे रूप.

आणि म्हणूनच तिची बांधणी आपल्या ओळखीची आहे. प्रत्येक अध्याय अडचणीच्या टोकावर थांबतो आणि पुढे काय झाले ते पुढच्या अध्यायात ऐका, असे सांगून श्रोत्याला सोडतो. मध्येमध्ये पद्ये येतात, काही वर्णनासाठी, काही उपदेशासाठी. ही पुस्तके एकट्याने मुकाट्याने वाचण्याआधी चौकात ऐकली गेली होती. स्वामी समर्थ केंद्रामुळे दिंडोरीचे नाव गुरुचरित्राच्या पारायणाशी कायमचे जोडले गेले आहे. सप्ताहात बसलेल्या माणसाला अध्यायांच्या हिशेबाने वाचणे, पद्य आणि कथा एकत्र ऐकणे, आख्यानाच्या आत आख्यान येणे, यात काही नवीन वाटणार नाही. पाश्चात्त्य कादंबरीची सवय झालेला वाचक इथे अडखळतो. एकच संकट वेगवेगळ्या रूपांनी पुन्हा का येते, असे तो विचारतो. ‘पांडवप्रताप’ ऐकत वाढलेला माणूस ते विचारत नाही. काळही जुळतो. ‘पश्चिमयात्रा’ छापली गेली तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. त्यांनी १५९९ मध्ये देह ठेवला, तेव्हा ‘भावार्थ रामायण’ अपुरे होते.

कथा थोडक्यात अशी. एका डोंगरावरच्या शिळेतून माकड जन्मते. ते माकडांचा राजा होते, पण मरणाच्या भीतीने घर सोडते आणि सुभूती नावाच्या गुरूकडून बहात्तर रूपे घेण्याची आणि एका कोलांटीत १ लाख ८ हजार ली अंतर कापण्याची विद्या मिळवते. गुरू त्याचे नाव सुन वूखोंग ठेवतो. तो समुद्रातल्या नागराजाकडून साडेतेरा हजार जिन वजनाची लोखंडी काठी हिसकावतो, यमाच्या वहीतून आपले नाव खोडतो, स्वर्गात नोकरीला लागतो, अमरत्वाची फळे खातो, सगळ्या देवसेनेला हरवतो. शेवटी बुद्ध त्याला तळहातावर उडी मारायला सांगतात. ती उडी तळहाताबाहेर जात नाही. पाचशे वर्षे तो डोंगराखाली दडपला जातो. भिक्खू त्याची सुटका करतो आणि बोधिसत्त्व अवलोकितेश्वरांनी दिलेले एक कडे त्याच्या डोक्यात बसते. मंत्र म्हटला की ते आवळते. पुढे जू बाज्ये हा डुकराच्या तोंडाचा, खादाड, आळशी, संसाराची ओढ न सुटलेला शिष्य, शा वूजिंग हा अबोल शिष्य आणि घोडा झालेला नागपुत्र येऊन मिळतात. चौदा वर्षांची वाट आणि एक्क्याऐंशी संकटे.

नाशिककर वाचकाला इथे लगेच एक प्रश्न पडेल, आणि तो पडायलाच हवा. हा तर आपला मारुती नाही ना? ब्रह्मगिरीजवळच्या अंजनेरीला मारुतीचे जन्मस्थान मानणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. चीनमध्येही तो शंभर वर्षे चघळला जात आहे. हू शी यांनी १९२३ मध्ये लिहिले की वूखोंगचे मूळ हनुमानात आहे. लू शुन यांनी ते नाकारले आणि ह्वाय नदीत साखळदंडाने बांधलेल्या एका जुन्या चिनी जलवानराकडे बोट दाखवले. १९८९ मध्ये अमेरिकी अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी दोन्ही बाजूंचे पुरावे सविस्तर मांडून हनुमानाच्या बाजूने कौल दिला.

पुरावे खरोखर वाचण्याजोगे आहेत. तिसऱ्या शतकात चिनी भाषेत आलेल्या एका जातकसंग्रहात पत्नी हरवलेला राजा, वानरसेना आणि समुद्रावरचा सेतू यांची कथा आहे. रामाचे नाव तेवढे नाही. च्वेनजौ या बंदरात तेराव्या शतकात तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर बांधले होते, आणि त्याच गावातल्या बौद्ध मंदिराच्या मनोऱ्यावर शस्त्रधारी माकडाचे शिल्प आहे. मारुती सुरसेच्या तोंडात शिरून बाहेर येतो. वूखोंग किडा होऊन लोखंडी पंख्याच्या राणीच्या पोटात शिरतो आणि आतून लाथा मारतो. पण स्वभाव पाहा. मारुतीचे बळ सुरुवातीपासून रामासाठी आहे. वूखोंगचे बळ पहिले सात अध्याय फक्त स्वतःसाठी आहे, आणि सेवेला तो डोक्यातल्या कड्याच्या धाकाने लागतो. माझे मत असे की प्रसंग इकडून तिकडे गेले, माणूस तिथलाच घडला. आणि ज्याला भक्ती शिकायला चौदा वर्षे लागतात असे माकड वाचताना आपल्याला आपला मारुतीही नव्याने दिसतो.

मला या कादंबरीत सर्वांत मोलाची वाटते ती तिची स्वर्गाकडे पाहण्याची नजर. तिथला स्वर्ग मिंग राजवटीतल्या सरकारी कचेरीसारखा चालतो. हुद्दे, शिक्के, अर्ज, वरिष्ठांची मर्जी. वूखोंगला स्वर्गात पहिली नोकरी मिळते ती तबेल्याची. तो मन लावून घोड्यांची निगा राखतो. मग एक दिवस जेवताना कोणीतरी सांगते की या पदाला दर्जाच नाही. त्याचे बंड तिथून सुरू होते. अपमान हेच त्या बंडाचे कारण.

आणि वाटेतले राक्षस? वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात येते. त्यातले कित्येक कोणातरी देवाघरचे पळालेले प्राणी आहेत. सत्तेचाळीस ते एकोणपन्नास या अध्यायांत दरवर्षी गावातली लहान मुले खाणारा राक्षस हा अवलोकितेश्वरांच्या कमळतळ्यातला सोनेरी मासा निघतो. करुणेची ही मूर्ती स्वतः येते, त्याला टोपलीत घालते आणि घेऊन जाते. पुढे लाओत्झूचा बैल, मंजुश्रीचा सिंह, समंतभद्राचा हत्ती. मालक येतो, जनावर सोडवून नेतो, खाल्लेल्या माणसांचा हिशेब कोणी विचारत नाही. सत्ताविसाव्या अध्यायातल्या पांढऱ्या हाडांच्या राक्षसिणीला मात्र कोणी वाली नाही. ती काठीच्या फटक्याने मरते. आपल्याकडे याला वशिला म्हणतात आणि तालुक्याच्या गावात तो काय करतो हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लेखक कुठेही भाषण देत नाही. फक्त ही घटना पुन्हा पुन्हा घडू देतो, आणि पुनरावृत्तीचा अर्थ तिथे कळतो.

याच रोखाने अठ्ठ्याण्णवाव्या अध्यायाकडे यावे. एवढे कष्ट करून यात्रेकरू गृध्रकूटावर पोहोचतात, आणि बुद्धाचे शिष्य आनंद व काश्यप त्यांच्याकडे भेट मागतात. ती मिळत नाही म्हणून त्यांना कोरी पाने दिली जातात. तक्रार घेऊन ते बुद्धाकडे जातात, तर बुद्ध म्हणतात की कोरे ग्रंथच खरे आहेत, पण तुमच्याकडच्या लोकांना ते समजणार नाहीत. शेवटी त्रिपिटकाला सम्राटाने दिलेले सोन्याचे भिक्षापात्र द्यावे लागते, तेव्हा अक्षरे असलेले ५,०४८ गुंडाळ्या मिळतात. श्रद्धावान बौद्ध वाचकाला हा प्रसंग खटकेल. नाशिक जिल्ह्यात असे वाचक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचे खटकणे मला रास्त वाटते. इतिहासातल्या आनंदाशी या पात्राचा संबंध नाही हे आधी स्पष्ट करायला हवे. पण प्रसंग तिथेच सोडू नये. लिहिलेल्या ग्रंथापेक्षा चालून आलेली वाट मोठी, असे इथे कादंबरी म्हणते की धर्मसंस्थेच्या कारभारावर आघात करते? मला दोन्ही वाचने एकाच वेळी खरी वाटतात.

जाणकारांतही याच ठिकाणी फूट आहे. हू शी यांना ही निखळ विनोदाची कादंबरी वाटली आणि तिच्यात गूढार्थ शोधणाऱ्या जुन्या टीकाकारांवर ते रागावले. शिकागोचे अँथनी यू यांनी उलट दाखवले की माकड म्हणजे चंचल मन, घोडा म्हणजे इच्छा, आणि ताओ पंथाच्या साधनेची परिभाषा पद्यांतून सर्वत्र विणलेली आहे. मनाला माकड म्हणणे आपल्या कीर्तनात रोजचे आहे, त्यामुळे मराठी वाचकाला यू यांची बाजू लवकर पटेल. फक्त रूपकाच्या मागे लागून हसणे विसरू नये.

मराठी विद्वानांनी चिनी भाषेकडे पाहिले नाही असे नाही. पुण्यात पु. वि. बापट यांनी चिनी भाषेतच पूर्ण टिकून राहिलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करणारा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध केला, वा. वि. गोखले यांनीही चिनी आणि तिबेटी बौद्ध ग्रंथांवर काम केले. पण त्या पिढीचे लक्ष हरवलेल्या बौद्ध ग्रंथांवर होते. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांमुळे चीन आपल्या घराघरांत पोहोचला तो एका डॉक्टरच्या त्यागाची कथा म्हणून. कथाकादंबरीचा चीन या दोन्हींच्या मध्ये राहून गेला.

त्यामुळे आपला वाचक बहुधा इंग्रजीतूनच जाणार. त्याच्यापुढे मुख्यतः चार अनुवाद आहेत. आर्थर वेली यांचे ‘मंकी’ १९४२ चे. शंभरपैकी तीसच अध्याय, बहुतेक पद्ये गाळलेली, पण भाषा अतिशय वाहती. त्याची उणीव अशी की ज्वालापर्वत, स्त्रीराज्य, पांढऱ्या हाडांची राक्षसीण हे सर्वांत रंगतदार प्रसंगच त्यात नाहीत. जेनर यांचा १९८० च्या दशकात बीजिंगहून निघालेला पूर्ण अनुवाद कथेचा वेग राखतो. अँथनी यू यांचे चार खंड १९७७ ते १९८३ मध्ये आले, २०१२ मध्ये सुधारून निघाले. सगळी पद्ये, भरपूर टिपा. ज्युलिया लव्हेल यांचा २०२१ चा संक्षेप आजच्या इंग्रजीत आहे आणि विनोद फार चांगला पकडतो. कॉलेजच्या मुलाने लव्हेलपासून सुरुवात करावी. ज्याला पारायणाची सवय आहे, त्याने सरळ जेनर किंवा यू उचलावा.

दोष सांगायला हवेत. मधले पन्नास-साठ अध्याय सारखे नाहीत. काही ठिकाणी लेखकाने नुसते संकट भरले आहे. राक्षसिणींकडे पाहण्याची दृष्टी अनेकदा हिणकस आहे. भिक्खूला मोहात पाडणे याखेरीज त्यांतल्या अनेकींना काम नाही. याला मोठा अपवाद लोखंडी पंख्याच्या राणीचा. तिचा मुलगा तिच्यापासून तोडला गेला आहे, नवरा दुसरीकडे राहतो आहे, आणि तिचा राग पूर्णपणे समजण्यासारखा आहे. ते तीन अध्याय, एकोणसाठ ते एकसष्ट, मी कादंबरीतले सर्वोत्तम मानतो.

वाचायचे कसे, तर चातुर्मास यासाठी उत्तम. आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत रोज एक अध्याय वाचला तर शंभर अध्याय पुरे होऊन दिवस उरतात. द्राक्षबागायतदाराला फळछाटणीच्या धांदलीत खंड पडेल, म्हणून त्याने श्रावण-भाद्रपदात दोन-दोन अध्याय उरकावेत. नावे पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. पाच यात्रेकरू लक्षात राहिले की पुरे. पद्ये शक्यतो मोठ्याने वाचावीत. घरात मुले असतील तर पहिले सात अध्याय त्यांना सांगून दाखवावेत, गोकूमुळे निम्मे काम झालेलेच आहे. आणि चिनी शिकणाऱ्या मराठी तरुणांना एक विनंती : पूर्ण शंभर अध्यायांचे ओझे आज घेऊ नका, पण एकोणसाठ ते एकसष्ट हे तीन अध्याय मूळ चिनीतून थेट मराठीत आणा. पद्यांसाठी आपल्याकडे ओवी तयारच आहे.